गरम झाल्यावर स्किड स्टीअरची एकच बाजू बसते: पंप खोलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. जुनी स्किड स्टीअर (दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळी फिरवून वळणारा छोटा लोडर), मीटरवर साडेसहा हजार तास, दोन साधे लिव्हर. काम नागपूरजवळ कोराडीच्या वीज केंद्राच्या बाजूला राख आणि कोळसा ओढण्याचं. सकाळी गाडी ठणठणीत चालते. दीड-दोन तासांनी डावीकडची चाकं जोर सोडतात, पुढे जातानाही आणि मागे येतानाही, आणि रॅम्प चढताना गाडी आपोआप डावीकडे वळते. हायड्रॉलिक टाकीत दर आठवड्याला दीड-दोन लिटर तेल घालावं लागतं, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. मिस्त्री म्हणतो टँडम पंप गेला, बदलून टाका.

भाऊ, पंपाची ऑर्डर सध्या थांबवा. तुम्ही दिलेल्या माहितीत दोन खुणा आहेत आणि दोन्ही आधी डाव्या ड्राइव्ह मोटरकडे नेतात. मोटरच दोषी आहे असं एवढ्यावरून ठरत नाही. पण पंप हा या गाडीतला सगळ्यात महाग आणि काढायला सगळ्यात कष्टाचा भाग, म्हणून त्याच्यावरचा आरोप सगळ्यात शेवटी सिद्ध करायचा. शिवाय स्किड स्टीअरमध्ये एक सोय असते जी ट्रॅक्टरमध्ये किंवा जेसीबीत मिळत नाही. डावी आणि उजवी बाजू पूर्ण वेगळी आणि अगदी सारखी असते. उजवी बाजू चांगली आहे, म्हणजे मोजमापाचा नमुना गाडीतच आहे. पुढची जवळजवळ प्रत्येक तपासणी या तुलनेवर चालते.

आधी तेलाचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. इंजिनाला जोडलेल्या टँडम पंपात एकामागे एक दोन पंप असतात, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. लिव्हर ढकलला की त्या बाजूच्या पंपातली स्वॉश प्लेट (पिस्टनची चाल ठरवणारी तबकडी) तिरपी होते. जितकी तिरपी, तितकं जास्त तेल. ते तेल मोटर फिरवून टाकीत न जाता परत पंपातच येतं. या बंद फेऱ्यात पंप आणि मोटरच्या फटींतून थोडं तेल निसटतंच. ते त्यांच्या केसमध्ये जमतं आणि केस ड्रेनच्या नळीने, बहुतेक गाड्यांत कूलरमधून, टाकीत जातं. जेवढं निसटलं तेवढं चार्ज पंप फेऱ्यात भरत राहतो. मोटरच्या शाफ्टवरच्या स्प्रॉकेटवरून एक चेन पुढच्या ॲक्सलला जाते आणि एक मागच्या. चेन ज्या तेलाच्या पेटीत फिरतात ती चेनकेस.

आता पहिली खूण. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर अशक्त, याचा अर्थ आतली गळती. तेल तापून पातळ झालं की झिजलेल्या फटीतून जास्त निसटतं आणि चाकापर्यंत दाब पोहोचत नाही. लिव्हरच्या जोडणीतला घासलेला रॉड-एंड (दांड्याच्या टोकाचा सांधा) किंवा ढिली पिन सकाळी-दुपारी सारखाच त्रास देते. पार्किंग ब्रेकची कॉइल कधीकधी तापल्यावर दगा देते, पण तेव्हा गाडी अचानक जाम होते, हळूहळू थकत नाही.

दुसरी खूण तेलाची. बाहेर थेंब नाही आणि टाकी रिकामी होते, तर तेल गाडीच्या आतच कुठेतरी जमतंय. ती जागा बहुतेक वेळा चेनकेस असते. मोटरचा शाफ्ट सील गेला की हायड्रॉलिक तेल चेनकेसमध्ये उतरतं. सपाट जमिनीवर गाडी उभी करा, इंजिन बंद करून अर्धा तास थांबा आणि दोन्ही चेनकेसचे लेव्हल प्लग उघडा. उजवीकडे तेल प्लगच्या काठाशी आणि डावीकडे प्लग ढिला करताच धार लागली, तर हरवलेलं तेल सापडलं. दहा मिनिटांचं काम आहे, तरी पंप खोलून झाल्यावरच लोकांना ते आठवतं. प्लगमधून आलेलं तेल पांढट दुधासारखं असेल तर आत पाणी गेलंय. धुलाई किंवा पावसाळा, दोन्हींत हे होतं. त्यात चमकणारे बारीक कण असतील तर चेन आणि स्प्रॉकेटही बघावे लागतील.

सील स्वतः जोर कमी करत नाही, हे नीट लक्षात घ्या. पण सील का गेला हा प्रश्न जोराशी जोडलेला आहे. मोटर आतून झिजली की केसमध्ये जास्त तेल येतं, ड्रेनच्या नळीला ते पेलत नाही, केसमधला दाब चढतो आणि सीलची ओठाची कड उलटते. ड्रेनची नळी दबली असेल किंवा कूलर तुंबला असेल तरी तेच होतं. म्हणून नुसता नवा सील बसवून गाडी सोडली तर तो पुन्हा जातो, आणि मग सील कंपनीला शिव्या बसतात.

सीटवर बसून होणाऱ्या तपासण्या

गाडी कामाच्या तापमानाला येऊ द्या. बकेट मातीच्या किंवा राखेच्या ढिगाऱ्यात घाला, इंजिन पूर्ण रेसवर ठेवा आणि दोन्ही लिव्हर सारखे पुढे ढकला. तीन ते पाच सेकंद, त्याहून जास्त नाही; कारण थांबलेल्या मोटरवर सगळी ताकद रिलीफ वॉल्व्हमधून (दाब मर्यादेपलीकडे गेला की उघडणारी झडप) उष्णता होऊन निघते आणि तेल पटकन तापतं. माणसं लांब ठेवा. आता दोन गोष्टी बघा: कोणत्या बाजूची चाकं घसरतात, आणि इंजिन दबतं का.

इंजिन दबून आवाज जड झाला तर पंपाने भार घेतलाय. मग दोष एकतर इंजिनात असतो, म्हणजे डिझेल फिल्टर, एअर फिल्टर वगैरे, नाहीतर काहीतरी चाकाला धरून ठेवतंय: घासणारा ब्रेक, अडकलेली चेन. इंजिन मजेत त्याच आवाजात फिरतंय आणि चाक मात्र थांबलंय, तर तेल आतल्या आत पळतंय किंवा दाब बनतच नाहीये. तुमच्या वर्णनावरून डावीकडे हा दुसरा प्रकार दिसायला हवा.

दोन्ही बाजू एकदम अशक्त झाल्या असत्या तर सगळा शोध वेगळ्या दिशेने गेला असता. तेलाची पातळी, तुंबलेला फिल्टर, कमी चार्ज प्रेशर, आणि ज्या गाड्यांत इंजिनापासून पंपापर्यंत पट्टा असतो तिथे ढिला पट्टा. दोन्ही बाजू पूर्ण मेल्या पण बकेटचे आर्म उचलले जातात, तर ब्रेकचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप), सीटबारचा (सीटवरच्या सुरक्षा दांड्याचा) स्विच, त्याची वायरिंग. एकच बाजू आणि एकाच दिशेला, उदाहरणार्थ फक्त पुढे, अशक्त असेल तर त्या दिशेचा रिलीफ वॉल्व्ह संशयित. बऱ्याच पंपांत पुढचा आणि मागचा रिलीफ एकाच मापाचा असतो. मग पैसा खर्च न करता निकाल लागतो: दोघांची अदलाबदल करा. दोष पुढून मागे गेला तर वॉल्व्ह खराब. आणखी एक फसवा प्रकार म्हणजे होजच्या आतला रबराचा थर सुटून त्याची झडप तयार होणं. बाहेरून होज नवी दिसते, एका दिशेला तेल जातं, दुसऱ्या दिशेला अडतं.

तुमची डावी बाजू दोन्ही दिशांना बसते, त्यामुळे एकटा रिलीफ वॉल्व्ह यादीत बराच खाली जातो.

फुकटची कारणं आधी संपवा

बायपास वॉल्व्ह. गाडी ओढून नेताना पंपावरचा बायपास अर्धा-पाऊण फेरा ढिला करतात आणि नंतर कसायचा विसरतात. तेल मोटरकडे न जाता पंपातच एका बाजूने दुसऱ्या बाजूला निघून जातं आणि ती बाजू अर्ध्या जोरावर येते. पाना लावून बघायला मिनिट लागतं. वॉल्व्हच्या टोकावर ओरखडा किंवा कचरा असेल तरी तो पूर्ण बसत नाही, काढून पाहा.

लिंकेज. जुन्या गाडीत लिव्हरपासून पंपाच्या आर्मपर्यंत चार-पाच सांधे असतात आणि प्रत्येक सांधा थोडी चाल खातो. लिव्हर पूर्ण पुढे गेला म्हणजे स्वॉश प्लेट पूर्ण तिरपी झाली असं धरू नका. इंजिन बंद ठेवून कॅब उचला, दोन्ही पंपांच्या आर्मवर खडूने रेघ मारा आणि मदतनिसाला लिव्हर शेवटपर्यंत ढकलायला सांगा. डावीकडचा आर्म उजवीकडच्यापेक्षा कमी फिरत असेल तर रॉड-एंड, पिन, बुश बदला. आर्म शाफ्टवर धरणारा बोल्ट ढिला असला तर आर्म फिरतो आणि शाफ्ट मागे राहतो. शाफ्ट आणि आर्म दोन्हींवर मिळून एकच रेघ मारली की हे लगेच कळतं. लिव्हर सोडल्यावर गाडी हळूहळू सरकत असेल तर सेंटरिंग स्प्रिंगची जुळणी बिघडली आहे. ती तक्रार वेगळी, तिला पंपाच्या झिजेशी जोडू नका.

टायर. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला घासलेले टायर असतील तर गाडी ओढते, आणि लोक हायड्रॉलिक खोलत बसतात. टेप लावून चारही टायरचा घेर मोजा, हवा सारखी करा. एकाच बाजूच्या पुढच्या आणि मागच्या टायरचा घेर वेगळा असणं तर आणखी वाईट. दोन्ही चाकं एकाच स्प्रॉकेटला बांधलेली, त्यामुळे चेन एकमेकींशी कुस्ती खेळतात आणि शेवटी एखादी तुटते. चेन तुटल्याची खूण साधी आहे: त्या बाजूचं एक चाक फिरतं, दुसरं नाही. भाराखाली खट-खट आवाज म्हणजे ढिली चेन दात ओलांडतेय.

गेज, तापमान आणि बादली

आता हत्यारं काढायची. दोन गेज लागतात, एक ० ते ४० बारचं चार्जसाठी आणि एक ४०० बारच्या वरचं मुख्य फेऱ्यासाठी. त्यांची अदलाबदल केली तर छोटं गेज फुटतं. सोबत एक इन्फ्रारेड तापमापी ठेवा, या कामात ती सोन्यासारखी आहे.

चार्ज प्रेशर आधी घ्या. जुन्या स्किड स्टीअरमध्ये ते मॉडेलप्रमाणे साधारण ७ ते २५ बारच्या दरम्यान असतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. (नागपुरात कुठल्याही कंपनीची स्किड स्टीअर म्हणजे ‘बॉबकॅट’, जशी कुठलीही बॅकहो म्हणजे ‘जेसीबी’. आकडे आणि भाग मागताना हे चालत नाही, प्लेटवरचं मॉडेल आणि सिरीयल नंबर वाचून सांगा.) तेल तापलेलं असतानाच मोजा. गार तेलावरचं छान रीडिंग काही सांगत नाही. न्यूट्रलमध्ये आकडा लिहा, मग ढिगाऱ्याला टेकून फक्त उजवा लिव्हर, मग फक्त डावा. थोडा काटा खाली येणं स्वाभाविक आहे. डावा लिव्हर ढकलल्यावरच काटा खूप पडत असेल तर डाव्या फेऱ्यात गळती आहे आणि चार्ज पंप ती भरून काढताना दमतोय. दोन्ही लिव्हरना सारखाच पडला तर चार्ज पंप, त्याचा रिलीफ किंवा सक्शन बघा. ज्या गाड्यांत ब्रेक तेलाच्या दाबाने सुटतो, तिथे चार्ज कमी झालं की ब्रेक अर्धवट लागलेला राहतो आणि आणखी उष्णता तयार होते. कमी चार्जवर गाडी चालवत राहणं हा चांगला पंप मारण्याचा सगळ्यात जलद मार्ग आहे.

मग तापमान. वीस मिनिटं काम करून लगेच गाडी बंद करा आणि दोन्ही मोटरच्या बॉडीचं, दोन्ही पंपांचं, चारही रिलीफ वॉल्व्हचं एकाच अंतरावरून तापमान घ्या. दाबाखालचं तेल फटीतून सुटतं तिथे उष्णता तयार होते. डावी मोटर उजवीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त तापलेली आणि पंप दोन्ही सारखे, तर संशय मोटरवर घट्ट होतो. एखादा रिलीफच शेजाऱ्यापेक्षा चटका देत असेल तर तो गळतोय. राखेचा थर पुसून मगच मोजा, थर उष्णता झाकतो.

मोटरला वेगळी केस ड्रेन नळी असेल तर बादलीची परीक्षा करता येते. ड्रेनची नळी मोटरपाशी सोडा, टाकीकडचं तोंड प्लगने बंद करा, मोटरच्या तोंडाला लांब होज लावून ती गाडीपासून दूर बादलीत बांधा. हाताने धरून कुणी उभं राहायचं नाही. दोन्ही बाजूंवर सारखाच भार, सारखेच सेकंद, सारखंच तापमान. डावीकडून उजवीच्या दुप्पट-तिप्पट तेल आलं तर मोटरचा निकाल लागला. काही लहान गाड्यांतल्या मोटरला बाहेरचा ड्रेनच नसतो. तिथे तापमानावर आणि पुढच्या अदलाबदलीवर विसंबावं लागतं.

अदलाबदल: ज्यावर वाद उरत नाही

डाव्या पंपाच्या दोन होज उजव्या मोटरला, उजव्या पंपाच्या दोन डाव्या मोटरला. होज पुरत नसतील तर तात्पुरत्या चार बनवून घ्या. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला होज क्रिम्प करून मिळतात. फोर-वायर (तारेचे चार थर असलेली) होजच मागा. या फेऱ्यात दाब २०० बारच्या वर सहज जातो, टू-वायर होज इथे शोभेची. सोडण्याआधी प्रत्येक जोडाभोवती ब्रशने आणि डिझेलने साफ करा, प्रत्येक होजवर टेप लावून खूण लिहा, उघड्या तोंडाला प्लग लावा. राखेचा एक चिमूटभर कण पंपात गेला तर तपासणीच आजार होऊन बसते.

सुरुवात चारही चाकं उचलून करा. फ्रेमखाली लाकडी स्लीपर रचा, विटा किंवा सिमेंटचे ठोकळे नको. बकेटचे आर्म वर असतील तर त्यांचा लॉक लावलेला हवा. हळू रेसवर दोन्ही लिव्हर पुढे ढकलून चाकं दोन्हीकडे पुढेच फिरतात ना ते बघा. दोन्ही मोटर एकमेकींच्या आरशासारख्या बसवलेल्या असल्यामुळे होजची जोडी उलटी लागली तर एक बाजू मागे फिरेल. दिशा जुळली की खाली उतरवा आणि तीच ढिगाऱ्याची परीक्षा द्या. आता लिव्हर आणि चाकं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून वळायचं नाही, दोन्ही लिव्हर सोबतच ढकलायचे.

डावी चाकंच पुन्हा बसली, तर दोष मोटर, ब्रेक किंवा चेनकेसमध्ये. अशक्तपणा उजवीकडे सरकला, तर दोष डाव्या पंपात किंवा त्याच्या लिंकेजमध्ये. दुसऱ्या कुठल्याही परीक्षेपेक्षा हे उत्तर जास्त भरवशाचं, आणि खर्च होतो फक्त अर्धा दिवस आणि थोडं तेल. एवढी सोय असताना अंदाजाने पंप मागवणं मला पटत नाही.

गळती शोधताना हात फिरवू नका. पुठ्ठा धरा. सुईएवढ्या छिद्रातून निघालेलं तेल कातडी भेदून आत जातं, जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि काही तासांत हात गमवायची वेळ येते. असं झालं तर दुखायची वाट न बघता थेट शस्त्रक्रिया होणारा दवाखाना गाठायचा.

मोटर निघाली तर

डावी मोटर काढताना चाकं बांधून ठेवा, चेन तारेने वर टांगा म्हणजे ती केसच्या तळाशी पडणार नाही. स्प्रॉकेट शाफ्टच्या टेपरवर बसलेलं असेल तर ओढायला पुलरच हवा. शाफ्टवर घण घातला की ठोका थेट आतल्या बेअरिंगला आणि रोटर सेटला बसतो, आणि जी मोटर सील किटवर वाचली असती ती भंगारात जाते.

जुन्या लहान गाड्यांत बहुतेक गेरोटर जातीची (बाहेरच्या दातेरी रिंगमध्ये दातेरी रोटर फिरणारी) मोटर सापडते. उघडण्याआधी बॉडीच्या सगळ्या थरांवरून एक तिरकी रेघ कोरा. ही रेघ चुकवली आणि रोटर व वॉल्व्ह ड्राइव्हचं टायमिंग बदललं तर मोटर उलट फिरेल. आत काय बघायचं? रोटरच्या दोन्ही तोंडांवर आणि बाजूच्या प्लेटवर गोल ओरखडे. नख फिरवा; नख अडकलं तर ती प्लेट संपली. रोटर आणि बाहेरच्या रिंगच्या उंचीतला फरक मोजा, तो मिलिमीटरच्या काही शतांशांतच असायला हवा. मायक्रोमीटर नसेल तर मोजल्याचं नाटक करू नका, सेट कुणाकडे तरी न्या. शाफ्टवर सीलने खोबण पाडली असेल तर नवा सील त्याच खोबणीत बसून गळेल. स्लीव्ह बसवा किंवा सील मिलिमीटरभर आतबाहेर बसेल असं पाहा.

सील किट फक्त बाहेरची गळती थांबवतं. जोर परत हवा असेल तर रोटर सेट किंवा अख्खी मोटर. ओरखडे खोल असतील आणि शाफ्टही गेला असेल तर मोटरच बदललेली स्वस्त पडते, कारण सेट, किट आणि मजुरी मिळून किंमत जवळपास तिथेच जाते. रोटरची तोंडं खरादीवर साफ करून देतो असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा.

त्याच वेळी ड्रेनची नळी पूर्ण काढून हवा मारून बघा, केस ड्रेनला वेगळा फिल्टर असेल तर बदला. चेनकेसमधलं मिसळलेलं तेल काढून केस धुवा, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेल लेव्हल प्लगपर्यंत भरा. चेन जुन्या गाडीत ॲक्सल सरकवून ताणता येत असेल तर आत्ताच ताणा. पुन्हा एवढं उघडणार नाही.

अदलाबदलीत पंप दोषी ठरला तर

तरी आधी लिंकेज, बायपास, रिलीफ, हे सगळं पुन्हा. मग फिल्टर कापून पसरवा. पिवळी झाक असलेले कण म्हणजे पितळी भाग, बहुधा पिस्टनचे शू (स्वॉश प्लेटवर घसरणारे तळवे) किंवा वॉल्व्ह प्लेटचा थर, आणि मग पंप खोलणं टळत नाही. काळे चुंबकाला चिकटणारे कण बेअरिंगचे किंवा मोटरचे असू शकतात. पंपात वॉल्व्ह प्लेट आणि सिलिंडर ब्लॉकचं तोंड हे झिजेचं पहिलं ठिकाण. हलके ओरखडे सपाट काचेवर लॅपिंगने (बारीक पेस्ट लावून घासल्याने) जातात; खोल रेघा असतील तर ब्लॉक आणि प्लेट जोडीने बदला, एक नवं एक जुनं लावलं तर दोन्ही लवकर जातात. पिस्टन आणि शूच्या सांध्यात हलवून ढिलाई जाणवली तर तोही सेट गेला. दोन पंपांमधल्या कपलिंगचे दाते घासले तर मागचा पंप अशक्त होत नाही, तो एकदम थांबतो. तुमच्या तक्रारीत ते बसत नाही.

पितळ सापडलं असेल तर ते फक्त पंपात नसतं. होज, कूलर, टाकी, दोन्ही मोटर, सगळीकडे पसरलेलं असतं. हे न धुता नवा पंप लावणं म्हणजे त्याला पहिल्याच दिवशी वाळू खाऊ घालणं.

तेल आणि नागपूरचा उन्हाळा

इथे मे महिन्यात सावलीत ४५ अंश, आणि गाडीच्या मागच्या बाजूला इंजिनाची हवा त्यावर. आयएसओ ४६ तेल ९० अंशांना साधारण ८-९ सेंटिस्टोकवर (तेलाच्या दाटपणाचं माप) येतं, ६८ नंबरचं ११ च्या आसपास राहतं. पिस्टन पंपाला साधारण १० च्या खाली जाणं मानवत नाही. म्हणून मॅन्युअलची परवानगी असेल तर उन्हाळ्यात ६८ योग्य. काही जुन्या गाड्यांत कंपनीने या फेऱ्यात इंजिन ऑइलच सांगितलेलं असतं, तिथे तेच घाला. उगाच मिसळू नका. झिजलेल्या मोटरवर ९० नंबरचं गिअर ऑइल घालून जोर आणायचा प्रकारही इथे चालतो. दोन दिवस गाडी ओढते. तिसऱ्या दिवशी सकाळी गार तेल चार्ज पंपाला खेचता येत नाही, पंप कोरडा घुरघुरतो आणि मग खरंच पंप जातो.

तुमच्या कामात कूलरकडे विशेष बघा. घरच्या कूलरच्या ताट्या मातीने चोंदल्या की पंखा कितीही फिरो, खोली थंड होत नाही. ऑइल कूलरचंही तेच. राख असेल तर आधी कोरड्या हवेने, हवेच्या उलट दिशेने उडवा, पाणी मारायचं ते नंतर. ओली राख पंखांमध्ये सिमेंटसारखी बसते. जिनिंगच्या आवारात चालणाऱ्या गाड्यांत कापसाचा तंतू रेडिएटर आणि ऑइल कूलरच्या मधल्या फटीत जमतो, बाहेरून दिसतच नाही. दोन्ही वेगळे करावे लागतात. डावी मोटर झिजली असली तरी तुंबलेल्या कूलरने तिला आधी तापवलं असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसं असेल तर उजवी मोटरही त्याच वाटेवर आहे.

पुन्हा सुरू करताना

नवी किंवा दुरुस्त मोटर लावली की तिची केस स्वच्छ तेलाने वरपर्यंत भरा, पंप काढला असेल तर त्याचीही. नवा फिल्टर लावा. चाकं उचललेली, डिझेल बंद, आणि स्टार्टरने दहा-दहा सेकंद फिरवत चार्जच्या गेजवर काटा हलेपर्यंत थांबा. मध्ये स्टार्टरला विश्रांती द्या. मग इंजिन चालू करून हळू रेसवर पाच मिनिटं, लिव्हर न्यूट्रलमध्ये. त्यानंतर एकेक लिव्हर थोडासा पुढे, थोडासा मागे, हवा निघेपर्यंत. टाकीत फेस दिसत असेल तर थांबा, फेस बसू द्या. चार्ज प्रेशर आकड्यावर येत नसेल तर जोर लावून बघण्याचा मोह टाळा, इंजिन बंद करा आणि सक्शनकडचे जोड तपासा; तिथे तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून गळती दिसत नाही.

सगळं ठीक झालं की तीच ढिगाऱ्याची परीक्षा गरम तेलावर पुन्हा द्या आणि दोन्ही मोटरचं तापमान परत लिहून ठेवा. पहिल्या दहा तासांनी फिल्टर काढून कापा, पन्नास तासांनी पुन्हा. दर आठवड्याला टाकीची पातळी आणि डाव्या चेनकेसचा प्लग दोन्ही बघा: टाकी स्थिर आणि प्लगमधून धार नाही, तर सील टिकलाय. टाकी पुन्हा उतरू लागली तर मोटर खोलण्याआधी ड्रेनच्या नळीवर छोटं गेज लावून केसचा दाब मोजा.